बांधावरच्या गप्पा : नागिणीची पुंगी कोणी वाजवली?

तुळशीचे लग्न लागले, कपाशीची वेचणी निम्म्यावर आली आणि गावोगाव वराती निघू लागल्या. वरात म्हटली की बँड आला, आणि बँड आला की नागीण आलीच. क्लॅरिनेटवाल्याने ती चाल धरली, की नवरदेवाचा एखादा मित्र रुमालाचे टोक दातांत धरून त्याची पुंगी करतो, दुसरा नव्या पँटची पर्वा न करता धुळीत लोळतो, आणि घोड्यावरचा नवरदेव मुहूर्त टळतो म्हणून मनातल्या मनात चरफडतो. कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत हाच प्रकार. आज या नागिणीपासूनच सुरुवात करू.

आता तुम्ही म्हणाल, विस्तार अधिकारी साहेब खताची मात्रा सोडून सिनेमात कुठे शिरले? पण मला नोकरीत तीस वर्षे होत आली. शिवारफेरी आटोपून पारावर बसले की गप्पा पिकावरून सुरू होतात आणि गाण्यावर येऊन टेकतात, हा माझा अनुभव आहे. तिथे एक गोष्ट हटकून दिसते. जे गाणे आपण चाळीस-चाळीस वर्षे ऐकत आलो, त्याच्यामागचा माणूस आपल्याला फार उशिरा कळतो. बियाण्याची पिशवी उलटीपालटी करून लॉट नंबर वाचणारा चोखंदळ शेतकरीसुद्धा रेडिओवरच्या गाण्याला कोणाचे हात लागले ते विचारीत नाही. आणि विचारले तरी तबकडीवर सगळे छापलेले नसते, खरी गोम तिथेच आहे.

तर ही चाल १९५४ च्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटातली. वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार यांचा तो चित्रपट, संगीत हेमंतकुमार यांचे. चित्रपट येऊन सत्तर वर्षे उलटली, पण चाल अजून म्हातारी झालेली नाही. तिच्यात जी पुंगी वाजते ती ऐकून आपण मान डोलावतो. आणि ती पुंगी नाहीच!

पुंगीला भोपळा असतो, खाली दोन नळ्या असतात, फुंकणाऱ्याचे गाल फुगतात. ‘नागिन’मध्ये यातले काहीच नव्हते. होती एक विजेवर चालणारी पेटी, तिचे नाव क्लॅव्हियोलिन. १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्तां मार्तां नावाच्या माणसाने ती तयार केली. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत, तसलेच तिच्या पोटात. हार्मोनियमसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पण एका वेळी एकच सूर निघणार आणि तो भोंग्यातून बाहेर पडणार. खटके वरखाली करून तिच्यातून वेगवेगळ्या वाद्यांसारखे आवाज काढता येत. ही पेटी वाजवली कल्याणजी वीरजी शहा या तरुणाने. जोडीला हार्मोनियमवर होते हेमंतकुमारांचे सहायक रवी. म्हणजे भोपळा नाही, गारुडी नाही, दोन पेट्या आणि दोन माणसे. सत्तर वर्षे आपण डोलतो आहोत ते यांच्या बोटांवर.

जाता जाता सापाचेही सांगून टाकतो, नाहीतर हा शेतकी खात्याचा माणूस कसला! सापाला आपल्यासारखा बाहेरचा कान नसतो. गारुड्यापुढचा नाग डोलतो तो सुरावर नव्हे, हलत्या पुंगीवर नजर ठेवून तो अंग सावरीत असतो. दूधही तो पीत नाही. त्याचे खाणे उंदीर, बेडूक असले. तेव्हा बांधावर धामण दिसली तर काठी शोधू नका, ती तुमच्या गव्हाची फुकटची राखणदार आहे.

आता या दोन वाजवणाऱ्यांची पुढची हकीकत ऐका.

कल्याणजी मूळचे कच्छकडच्या घराण्यातले. वडिलांचे गिरगावात किराणा दुकान होते. असे सांगतात, की दुकानाची उधारी तुंबलेल्या एका गिऱ्हाईकाने पैशांऐवजी शेटजींच्या मुलांना गाणे शिकवून बाकी फेडली. उधारीची वही ज्या घरात असते त्यांनी ध्यानात घ्यावे, अशी वसुली पुन्हा कोणाच्या नशिबी यायची नाही. कारण पुढे कल्याणजी आणि त्यांचे धाकटे बंधू आनंदजी यांची जोडी हिंदी चित्रपटांत गाजली, आणि १९६७ च्या मनोजकुमारांच्या ‘उपकार’चे संगीत त्यांनीच दिले. ‘जय जवान, जय किसान’ या घोषणेवरून निघालेला तो चित्रपट. त्यात नांगर खांद्यावर घेतलेल्या नायकाच्या तोंडी, महेंद्र कपूर यांच्या आवाजात, देशाच्या मातीचे ते गाणे आहे. प्रत्येक कृषी प्रदर्शनात, प्रत्येक १५ ऑगस्टला भोंग्यावर ते लागते. शेतकऱ्याचे म्हणून जे गाणे आपण छाती फुगवून ऐकतो, त्याची चाल आणि नागिणीची पुंगी ही एकाच दुकानदाराच्या घरची.

रवी यांचे तर विचारूच नका. दिल्लीचा हा गृहस्थ आधी विजेचे काम करीत असे. हार्मोनियम आपली आपणच शिकला आणि मुंबईस आला. हेमंतकुमारांकडची उमेदवारी संपवून स्वतंत्र झाला. १९६८ च्या ‘नीलकमल’ चित्रपटात मुलीची पाठवणी करताना बापाने दिलेल्या आशीर्वादाचे गाणे आहे. ते लागले की मांडवात कोणाचे डोळे कोरडे राहत नाहीत, पाटील असोत की पोलीस असोत. ती चाल रवी यांची. १९७७ च्या ‘आदमी सड़क का’मध्ये मित्राच्या लग्नात नाचण्याचे गाणे आहे, ज्याच्याशिवाय बँडवाला पुढे पाऊल टाकीत नाही. तीही रवी यांचीच. म्हणजे हिशेब करा, वरात निघाली रवींच्या चालीवर, वाटेत नागीण आली त्यात रवींची हार्मोनियम, आणि संध्याकाळी पोर सासरी निघाली तीही रवींच्याच चालीवर. एका लग्नात तीन वेळा हा माणूस येऊन जातो आणि त्याला कोणी अक्षता देत नाही! केरळात त्यांना ‘बॉम्बे रवी’ म्हणून ओळखतात, कारण उतारवयात त्यांनी मल्याळी चित्रपटांनाही संगीत दिले. २०१२ च्या मार्च महिन्यात ते गेले.

‘नागिन’च्या तबकडीवर संगीतकार म्हणून हेमंतकुमारांचे नाव होते आणि ते रास्तच आहे. चाल त्यांची होती. पण नाव छापण्याचा हा मामला पहिल्यापासून मोठा चमत्कारिक.

१९४९ साली ‘महल’ नावाचा चित्रपट आला. मधुबाला नायिका. त्यातले एक गाणे रेडिओवर लागू लागले आणि ऐकणारे वेडे झाले. आकाशवाणीकडे पत्रे जाऊ लागली, ही गाणारी कोण? तबकडीवर नाव होते ‘कामिनी’. आता कामिनी हे काही गायिकेचे नाव नव्हे, ते चित्रपटातल्या पात्राचे नाव! पूर्वी नट-नट्या स्वतःच गात, त्यामुळे तबकडीवर पात्राचे नाव छापले तरी चालून जाई. पुढे गाणारे निराळे आणि ओठ हलवणारे निराळे झाले, तरी छापण्याची रीत तीच राहिली. शेवटी कंपनीकडून माहिती मागवावी लागली, तेव्हा लोकांना कळले, की गाणाऱ्या मुलीचे नाव लता मंगेशकर. ती तेव्हा विशीची होती.

हे वाचताना मला आपल्याकडचा भात आठवतो. एचएमटी तांदूळ तुम्ही सगळ्यांनी खाल्ला असेल, पूर्व विदर्भात तर तो घरोघरी. हे नाव एका घड्याळाचे आहे! जात शोधली ती चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने. १९८३ साली ‘पटेल ३’ या वाणाच्या आपल्या शेतात त्यांना काही वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या काढल्या, निराळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडीत गेले. बाजारात भात गेला तेव्हा त्याला नाव हवे होते, आणि त्या दिवसांत एचएमटी घड्याळ ही नवलाईची वस्तू होती. झाले, घड्याळाचे नाव भाताला चिकटले. दादाजी २०१८ च्या जून महिन्यात गेले. पोत्यावर आजही घड्याळच आहे. आमच्या पीक स्पर्धेतही निराळे काय होते? प्रशस्तिपत्र सातबाऱ्यावरच्या नावाने निघते, मडक्यात राख मिसळून ज्या बाईने बियाणे जपले तिचे नाव त्यावर नसते. हे मी अधिकारी म्हणून सांगतो आहे, तक्रार म्हणून समजा हवी तर.

पण लताबाईंची गोष्ट इथे संपत नाही, उलट तिला मजेदार वळण आहे. ‘महल’नंतर बारा-पंधरा वर्षांत त्यांचे नाव एवढे मोठे झाले, की ते नुसते छापले तरी तबकडी खपावी. आणि त्याच वेळी त्यांनी स्वतःहून नाव लपवले! भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांना ‘आनंदघन’ नावाचा कोणी संगीतकार चाली देऊ लागला. १९६३ चा ‘मोहित्यांची मंजुळा’, १९६४ चा ‘मराठा तितुका मेळवावा’, १९६५ चा ‘साधी माणसं’. ‘साधी माणसं’मधले लोहाराच्या ऐरणीचे गाणे ऐकले नाही असा माणूस आपल्या वाचकांत सापडायचा नाही. जगदीश खेबूडकरांचे शब्द, आणि भात्याचा श्वास चालावा तशी चाल. ही चाल कोणा मुरलेल्या, गावरान संगीतकाराची असणार असेच ऐकणाऱ्याला वाटावे. मग या चित्रपटाला राज्य पुरस्कार जाहीर झाला, उत्कृष्ट संगीताचाही. समारंभात आनंदघन यांचे नाव पुकारले, कोणी उठेना. लताबाई श्रोत्यांत शांत बसलेल्या. अखेर व्यासपीठावरून कोणीतरी गुपित फोडले, की आनंदघन म्हणजे ह्याच! तेव्हा कुठे त्यांना उठून पुरस्कार घ्यावा लागला.

माझ्या मते ‘कामिनी’ आणि ‘आनंदघन’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकीचे नाव दुसऱ्यांनी झाकले, एकीने आपले आपण झाकले. आपले आपण झाकायला आधी नाव असावे लागते. ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

स्वतःच्या खुशीने नाव झाकणारा दुसरा असामी तर आपल्या नगरकडचा. पुणतांबा गाव ठाऊक आहे ना? गोदावरीकाठी, चांगदेवांच्या समाधीचे. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि दूध-भाजीपाला अडला, तो याच गावातून उठलेला. त्या पुणतांब्यात १९१८ च्या जानेवारीत रामचंद्र नरहर चितळकर हा मुलगा जन्मला. सिनेमात तो झाला सी. रामचंद्र, आणि माणसे त्याला म्हणत अण्णा. आता जुन्या तबकड्या काढून बघा. १९४९ च्या ‘पतंगा’तले रंगूनच्या टेलिफोनचे गाणे घ्या. संगीत सी. रामचंद्र, गाणारे शमशाद बेगम आणि चितळकर. १९५१ च्या ‘अलबेला’तली गाणी घ्या. संगीत सी. रामचंद्र, गाणारे लता मंगेशकर आणि चितळकर. हा चितळकर कोण, म्हणून तबकडी वाचणाऱ्याने डोके खाजवावे. चितळकर म्हणजे स्वतः अण्णाच! चाल देताना अर्धे नाव वापरायचे आणि गाताना उरलेले. एकाच गड्याने दोन पाळ्यांची हजेरी लावावी तसे.

‘अलबेला’चा नायक आणि दिग्दर्शक होता भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव. गिरणीत काम करून वर आलेला मराठी माणूस. त्याचे नाचणे काय होते! हात-पाय फार हलवायचे नाहीत, नुसते खांदे आणि मान, आणि समोरचा प्रेक्षक जागेवरून उठलाच पाहिजे. पुढे अमिताभ बच्चनच्या नाचात लोकांना तोच ठेका दिसला. आपण लग्नात नाचतो ते तरी दुसरे काय असते? पुढे भगवानदादांचे चित्रपट पडले, बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि ते परत दादरच्या चाळीत राहायला आले. २००२ च्या फेब्रुवारीत तिथेच वारले. त्यांच्यावर २०१६ साली ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, तेव्हा पुष्कळ तरुण पोरांना त्यांचे नाव पहिल्यांदा कळले.

अण्णांच्या चाली म्हणजे नाचगाण्यांच्या, असा समज असेल तर एक सांगतो. चीनच्या युद्धात पडलेल्या जवानांसाठी कवी प्रदीप यांनी लिहिलेले गीत २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायिले, समोर पंडित नेहरू बसलेले होते. दर झेंडावंदनाला आपल्या शाळेत ते लागते आणि मास्तरसुद्धा गप्प उभे राहतात. ती चाल पुणतांब्याच्या अण्णांचीच. रंगूनच्या टेलिफोनवर हसवणारा आणि या गीताने रडवणारा माणूस एकच.

‘अलबेला’च्या बँडमध्ये बिगुलासारखे एक वाद्य झणकारते, ट्रंपेट. ते चिक चॉकलेट या वादकाचे. गोव्यातल्या हळदोण्याचा हा माणूस, खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. आणि इथून आपण गोव्यात येतो, कारण हिंदी गाण्यांच्या मागे जी माणसे उभी होती त्यांत गोवेकर फार. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना कागदावर लिहिलेले सूर वाचायला आणि वाद्ये वाजवायला शिकवीत. आपले संगीतकार चाल पेटीवर गुणगुणत. पण पंचवीस-तीस व्हायोलिने, बासऱ्या, ट्रंपेट यांनी कधी काय वाजवायचे ते प्रत्येकासाठी निराळ्या कागदावर कोण लिहिणार? ते काम या गोवेकरांचे. संगीतकाराने बी दिले, पण वाफे पाडणे, ओळी धरणे आणि पाणी फिरवणे यांच्याकडे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम सेबॅस्टियन डिसूझा यांनी वर्षानुवर्षे केले. तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे येत. यांची नावे यायला जागा नसे.

एक नाव मात्र आले, आणि कसे आले ते ऐका. १९७७ चा ‘अमर अकबर अँथनी’ तुम्ही जत्रेच्या तंबूत नाहीतर टीव्हीवर पाहिला असेलच. त्यात अमिताभ भल्यामोठ्या अंड्यातून उंच टोपी घालून बाहेर पडतो आणि आपले नाव सांगतो, अँथनी गोन्साल्विस. गावातल्या पोरांना त्या काळी आपल्या आमदाराचे नाव येत नसेल, पण हे नाव येत होते. आणि हा अँथनी गोन्साल्विस खरा माणूस होता! गोव्यात सासष्टी तालुक्यातल्या माजोर्डा गावचा. जन्म १९२७ चा. कोवळ्या वयात मुंबईस येऊन त्याने चित्रपटांत व्हायोलिन वाजवायला सुरुवात केली, आणि पुढे शिकवायलाही. त्याच्या शिष्यांत एक मुलगा होता प्यारेलाल शर्मा, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतला. गोन्साल्विस गुरुजींच्या मनात आपले राग आणि पाश्चात्यांचा वाद्यवृंद यांची सोयरीक जुळवायची होती. १९५८ साली मुंबईत त्यांनी मोठा वाद्यवृंद उभा करून तसा कार्यक्रम केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायिले. सिनेमात त्या कामाला फारसा वाव मिळाला नाही. साठीच्या दशकात ते अमेरिकेस गेले आणि परत आले ते थेट माजोर्ड्याला.

इकडे मनमोहन देसाई यांच्या चित्रपटात त्या पात्राचे आडनाव आधी फर्नांडिस ठरले होते. प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचे नाव सुचवले, आनंद बक्षींनी ते गाण्यात बसवले. झाले, देशभर नाव झाले! आणि गंमत, की नाव सगळ्यांना माहीत आणि माणूस कोणालाच माहीत नाही. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला, तेव्हा बऱ्याच जणांना कळले, की अँथनी गोन्साल्विस नावाचे म्हातारे गृहस्थ माजोर्ड्यात राहतात. १८ जानेवारी २०१२ रोजी ते वारले.

आता एक काम तुमच्याकडे. तुमच्या पंचक्रोशीतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट कोण वाजवतो, कोणत्या गावचा, कोणाच्या हाताखाली शिकला, हे नावनिशीवार पत्राने कळवा. सनईवाले, हलगीवाले असतील तर त्यांचेही. त्यांना विचारून लिहा आणि अक्षर सुवाच्य काढा. जागा मिळेल तशी नावे इथे छापू.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे बघू. तोवर कामगंध सापळे आणून ठेवा, एकरी दोन पुरेत, आणि शेतात पक्ष्यांना बसायला काटक्या रोवा.